परदेशात मानवशास्त्र आणि विकास अभ्यास: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा एमबीएसाठी परदेशी जायचं असेल तर बडोद्यात सल्ल्याला तोटा नाही. अलकापुरीत एकेका इमारतीत दोन-तीन ऑफिसं सापडतील. तिथे जाऊन 'मानवशास्त्र' म्हणा. समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मॅनेजमेंटचं माहितीपत्रक पुढे सरकवतो. म्हणून बडोद्यातल्या मराठी घरांसाठी ही प्रश्नोत्तरं. त्यांत माझी मतंही आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही. फी, व्हिसाच्या रकमा आणि तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज भरताना विद्यापीठाचं आणि त्या देशाच्या सरकारचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा.

या एम.ए.त शिकवतात तरी काय?

मानवशास्त्राचा मुख्य धंदा म्हणजे माणसांमध्ये बराच काळ राहणं, त्यांच्या भाषेत बोलणं, आणि ती काय सांगतात व काय करतात यांतला फरक टिपणं. विकास अभ्यास ठरवून घडवलेल्या बदलांकडे बघतो. धरण, रस्ता, बचत गट, लसीकरण, पुनर्वसन यांचा पैसा कुठून आला, निर्णय कोणी घेतला, कोणाच्या पदरात काय पडलं. दोन्ही एकत्र आले की प्रश्न असा होतो: कागदावरची योजना गावात पोचते तेव्हा तिचं काय होतं?

याचं उत्तम उदाहरण आपल्याच बाजूचं आहे. १९९० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या पैशातून, कृभको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेमार्फत, दाहोद, झाबुआ आणि बांसवाडा या भिल्ल पट्ट्यात कोरडवाहू शेतीचा एक प्रकल्प चालला. डेव्हिड मॉस हे मानवशास्त्रज्ञ त्यात सल्लागार होते. त्यांनी पुढे लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की प्रकल्प यशस्वी ठरण्यात गावात काय घडलं याचा वाटा कमी असतो. त्याची गोष्ट वरच्यांना कशी सांगितली जाते आणि ती कोण उचलून धरतं, याचा जास्त. २००५ मध्ये ते लिखाण प्रसिद्ध होण्याआधी त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली होती. बडोद्याहून गाडीने दोन-अडीच तासांवरचं दाहोद लंडनच्या वर्गात वाचलं जातं, आणि दांडिया बाजारातल्या पोराला मात्र वाटतं की आपल्याकडे अभ्यासण्यासारखं काय आहे!

ज्यांना प्रकल्पांचं नियोजन आणि मूल्यमापन यांतच रस आहे त्यांनी नुसता विकास अभ्यास किंवा विकास व्यवस्थापन घ्यावं. उगाच मानवशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, वाचन फार असतं.

बडोद्याचा आणि या विषयाचा काही संबंध आहे का, की उगीच अभिमान?

अभिमानही आहे आणि थोडी शरमही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. तिथे ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात. म्हणजे बडोद्याच्या पैशावर परदेशी गेलेला विद्यार्थी मानवशास्त्राच्या वर्गात स्वतःच्या समाजाबद्दल बोलत होता. आणि १९१७ मध्ये करार पाळायला ते इथे आले, तेव्हा याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेतली संकल्पभूमी ही त्या दिवसांची खूण आहे. अर्ज भरायला घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या, इतकं सांगतो.

दुसरा धागा महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा. एम. एन. श्रीनिवास १९५१ मध्ये ऑक्सफर्ड सोडून इथे समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९५९ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत इथेच होते. मराठी माणसांपैकी गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे शिकले, इरावती कर्वे बर्लिनला. तेव्हा 'आपल्यात कोणी हे करत नाही' हे आजोबांचं वाक्य खोडायला पुरेसा मालमसाला आहे.

माझं बी.कॉम. झालंय. चालेल?

ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी चालतं. विषय बदलण्यामागचं कारण अर्जात पटलं पाहिजे आणि गुण प्रथम श्रेणीच्या आसपास हवेत. समाजशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र, इतिहास, पुरातत्त्व या विषयांच्या मुलांना अडचण कमी येते. इंजिनिअर आणि डॉक्टरही या अभ्यासक्रमांत दिसतात, विशेषतः पाणी आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांमुळे.

तीन वर्षांच्या पदवीचा मुद्दा वेगळा आहे. ब्रिटन ती सरळ मानतो. अमेरिकेत काही विद्यापीठं चार वर्षांची मागतात. नेदरलँड्समध्ये काही ठिकाणी आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करायला सांगतात. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष घ्यायची सोय असेल आणि युरोप-अमेरिका डोळ्यासमोर असेल, तर ते वर्ष घ्या. त्या वर्षातला संशोधन प्रकल्प अर्जात फार कामाला येतो.

कुठला देश बरा?

आधी प्रश्न ठरवा, मग देश. पण हे कोणी ऐकत नाही, म्हणून देशही सांगतो.

ब्रिटन: एका वर्षात पदवी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मानवशास्त्र आणि विकास असा जोड अभ्यासक्रमच आहे. ससेक्सला विकास अभ्यासाची स्वतंत्र संस्था १९६६ पासून आहे आणि तिचं नाव मोठं आहे. लंडनच्याच सोआस विद्यापीठात दक्षिण आशियाचे जाणकार आहेत. वर्ष एकच असल्यामुळे सप्टेंबरात उतरायचं, डिसेंबरात निबंध द्यायचे आणि वसंतात प्रबंधाचा विषय पक्का करायचा. दम खायला फुरसत नाही. ज्यांच्या डोक्यात प्रश्न आधीच तयार आहे त्यांना हे मानवतं, बाकीच्यांची फरपट होते.

नेदरलँड्स: नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठात मानवशास्त्र आणि विकास अभ्यास याच नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, आणि क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये प्रत्यक्ष जाऊन करायचा अभ्यास, त्यातच धरलेलं आहे. हेगमध्ये १९५२ पासून चालणारी इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज आहे. तिथे आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियातले नोकरी केलेले लोक येतात, त्यामुळे वर्गातल्या चर्चांना वजन असतं. राहण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं, हा मोठा दिलासा. घर मिळणं मात्र महाकठीण. प्रवेश मिळाला त्याच दिवशी घर शोधायला लागा.

जर्मनी: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग जिथे आहेत तिथे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिवाय भारतीय कागदपत्रांसाठी एपीएस प्रमाणपत्र (ती खरी असल्याची पडताळणी) लागतं, आणि वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधी दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. पदवीला बहुधा दोन वर्षं लागतात. इंग्रजी अभ्यासक्रम मोजके आहेत, पण पैशाचा विचार केला तर माझा पहिला कल इकडेच असतो.

नॉर्वेत शिक्षण फुकट, असं सांगणारे अजून भेटतात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ते २०२३ पासून संपलं. अमेरिकेत एम.ए.ला पैसे मिळणं कठीण, पीएच.डी.ला मात्र पाच-सहा वर्षांचा खर्च विद्यापीठ उचलतं. प्राध्यापकीच करायची असेल तर सरळ तिथे अर्ज करा.

एकूण खर्च किती, आणि कर्ज काढावं का?

ब्रिटनमध्ये या विषयांची फी साधारण २० ते ३५ हजार पौंडांत असते. लंडनमध्ये राहणं-खाणं धरलं तर वर्षाचा आकडा ५० लाखांच्या घरात जातो. जर्मनीत फी नसेल तर वर्षाला साधारण १२ लाखांच्या पुढे.

आता गणित मांडू. ४० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षं मुदत: हप्ता महिना ५५ हजारांच्या थोडा वर. विकास क्षेत्रात भारतात परतून सुरुवातीची नोकरी धरली तर पगार माझ्या पाहण्यात महिना ३५ ते ६० हजारांत असतो. म्हणजे पगार आला आणि हप्त्यात गेला. मग माणूस दोन वर्षांत एखाद्या कन्सल्टिंग कंपनीत जातो आणि ज्यासाठी हा विषय घेतला ते बाजूला पडतं. असं होताना मी जवळून पाहिलंय.

म्हणून माझं स्पष्ट मत: या पदवीसाठी सगळा खर्च कर्जातून करू नये. दुसऱ्याचा पैसा निदान निम्मा तरी असावा. नसेल तर दोन वर्षं थांबा, काम करा, पुन्हा अर्ज करा. वडिलांच्या पीएफला आणि आजीच्या एफडीला हात लावण्याइतकी घाई या विषयाला नाही.

कर्ज घ्यावंच लागलं तर दोन गोष्टी माहीत असू द्या. पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) कापला जात नाही. स्वतःचे पैसे वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर कापला जातो, तो पुढे आयकरात वळता होतो.

व्हिसासाठी काकांच्या खात्यातले पैसे दाखवले तर?

ब्रिटनसाठी नाही चालत. पैसे तुमच्या किंवा आई-वडिलांच्या (अथवा कायदेशीर पालकांच्या) खात्यात सलग २८ दिवस असले पाहिजेत, आणि त्यात उरलेली फी अधिक नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च बसला पाहिजे. आई-वडिलांचं खातं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडावं लागतं. एकत्र कुटुंबात पैसा कोणाच्या नावावर आहे हे घरात कोणी विचारत नाही, व्हिसा अधिकारी विचारतो. काकांना द्यायचेच असतील तर वेळेत वडिलांच्या खात्यात येऊ द्या.

शिष्यवृत्त्या कोणत्या? महाराष्ट्र सरकारच्या आपल्याला मिळतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मराठी असणं आणि महाराष्ट्राचा रहिवासी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. चार पिढ्या रावपुऱ्यात राहिलेल्यांनी त्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी गुजरात सरकारच्या योजना बघा. बिनअनामत, म्हणजे आरक्षण नसलेल्या, वर्गासाठीचं निगम परदेशी शिक्षणाला १५ लाखांपर्यंत ४ टक्के साध्या व्याजाने कर्ज देतं. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास वर्गांसाठी त्यांच्या त्यांच्या खात्यांच्या योजना आहेत. उत्पन्नाची आणि गुणांची अट वाचून घ्या.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत. अनुसूचित जमातींसाठीची आदिवासी मंत्रालयाची वेगळी. पहिल्या योजनेत आपल्या विषयाला थेट झोंबणारी एक अट २०२२ मध्ये आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास यांसाठी ही शिष्यवृत्ती नाही. ज्या शहराने जातींवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी पाठवलं तिथे बसून ही अट वाचताना काय वाटतं ते ज्याचं त्याने ठरवावं. अर्जदाराने मात्र त्या वर्षीची नियमावली शब्दन् शब्द वाचावी आणि विषय निवडतानाच तिचा विचार करावा.

सर्वांसाठी खुल्या असलेल्यांपैकी ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग सगळ्यांत प्रसिद्ध. पूर्ण खर्च मिळतो, पण २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. जर्मनीच्या डाड (DAAD) या संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठीची शिष्यवृत्तीही दोन वर्षांचा अनुभव मागते. फेलिक्स ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंग या तीन ठिकाणी मिळते, आणि सोआसमुळे आपल्या विषयाच्या मुलांनी ती सोडूच नये. इनलॅक्ससाठी वय तिशीच्या आत हवं आणि रक्कम एक लाख डॉलरपर्यंत जाते. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडसला अनुभवाची सक्ती नाही, शिवाय दोन-तीन देश बघायला मिळतात. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून चालू आहे, पण ती कर्जरूपाने मिळते हे विसरू नका. पुष्कळ जण 'टाटांची स्कॉलरशिप मिळाली' म्हणून पेढे वाटतात आणि मग करार वाचतात.

आधी नोकरी करावी की सरळ जावं?

वर दोन ठिकाणी 'दोन वर्षांचा अनुभव' आलाच आहे. पण मी नुसत्या त्या अटीसाठी सांगत नाही. एकवीस-बाविसाव्या वर्षी, कारेलीबाग ते फतेहगंज एवढंच जग पाहिलेल्या मुलाकडे विचारायला प्रश्नच नसतो. आणि प्रश्न नसेल तर परदेशातलं वर्ष दुसऱ्यांचे प्रश्न पाठ करण्यात जातं.

काम शोधायला लांब जायला नको. छोटाउदेपूरकडे तेजगढला आदिवासी अकादमी आहे. गणेश देवींनी बडोद्यात १९९६ मध्ये सुरू केलेल्या भाषा संस्थेचं ते काम. डभोई-वाघोडिया भागात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या नर्मदा वसाहती आहेत. विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्या आहेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर नदीचं पुढे काय करायचं यावर शहरात जो वाद चालू झाला, तो म्हणजे विकास अभ्यासाचा एक आख्खा पेपर आहे. पगार कमी मिळेल. बस, जीप आणि कोणाच्या तरी मोटरसायकलवर फिरावं लागेल. गुजराती येतेच, जमलं तर राठवा आदिवासींची राठवी बोली कानावर पडू द्या.

हेतुपत्र कसं लिहावं?

हेतुपत्र म्हणजे हा विषय का आणि इथेच का, हे सांगणारं अर्जासोबतचं पत्र. सगळ्यांत जास्त वेळ यालाच द्या. माझ्याकडे बघायला येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी अशी सुरू होतात: 'लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करण्याची आवड आहे.' हे वाक्य वाचून निवड समितीला तुमच्याबद्दल काहीही कळत नाही.

एका मुलीच्या पत्रात आम्ही ते खोडलं आणि तिला विचारलं, तू छोटाउदेपूरला जाऊन काय पाहिलंस? ती म्हणाली, पिठोरा. राठवांच्या घरात ओसरीच्या भिंतीवर नवसाचे घोडे रंगवतात. बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, येतो, विधी होतो, रात्र जागवतात. तोच पिठोरा आता कॅनव्हासवर, चौकटीत, बडोद्यातल्या प्रदर्शनात विकायला असतो. मग तिने एका चित्रकाराला विचारलं की कॅनव्हासवर काढताना बडव्याला बोलावता का? तो हसला आणि म्हणाला, त्यात देव नसतोच, मग कशाला? झालं की! विकायच्या चित्रात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कोण ठरवतं, हस्तकलेला उत्तेजन देणाऱ्या योजनेला हा फरक दिसतो का, हा तिचा प्रश्न झाला. पत्राचा पहिला परिच्छेद त्या हसण्यापासून सुरू झाला. उरलेल्या जागेत तिने लिहिलं की हा प्रश्न सोडवायला त्या विद्यापीठातला कुठला पेपर आणि कोणाचं संशोधन लागेल.

शंभर विद्यापीठांना एकच पत्र पाठवू नका. आणि यंत्राकडून लिहून घेतलेलं पत्र दोन ओळींत ओळखू येतं.

शिफारसपत्रांचं काय?

दोन लागतात, निदान एक तुम्हाला शिकवलेल्या प्राध्यापकांचं. बहुतेक विद्यापीठं प्राध्यापकांच्या ईमेलवर थेट दुवा पाठवतात, आणि तो पत्ता विद्यापीठाचा असावा असं सांगतात. आपले बरेच सर-मॅडम साधं जीमेल वापरतात, तेव्हा आधी विचारून घ्या. परीक्षेच्या किंवा पेपर तपासणीच्या दिवसांत गाठू नका. सोबत तुमचे गुण, हेतुपत्र आणि त्यांच्याकडे केलेल्या कामाची एक पानाची आठवण द्या. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं म्हणाले तर नम्रपणे टाळा. सगळ्या पत्रांची भाषा एक झाली की समोरच्याला कळतं.

जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव 'सुरेशभाई' आहे आणि पासपोर्टवर 'सुरेश'. अडेल का?

अडतं. हा अगदी बडोद्याच्या मराठी घरांचा प्रश्न आहे. शाळेच्या दाखल्यात 'राव', महापालिकेच्या गुजराती जन्मदाखल्यात 'भाई', आईच्या नावापुढे 'बेन', आणि आधारवर यांपैकी काहीच नाही. शिवाय गुजरातीतून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या मर्जीने केलेलं. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. जन्मदाखला दुरुस्त करून, इंग्रजीत घ्या. जे जुळणार नाही त्यासाठी एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. नेदरलँड्सला जाणाऱ्यांनी जन्मदाखल्यावर अपोस्टिलही (दाखला परदेशात मान्य व्हावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्यावं, तिथल्या नगरपालिकेत नोंदणीला लागतं. हे काम प्रवेश मिळाल्यावर काढलं तर धावपळ ठरलेली, म्हणून अर्जाच्या आधीच उरका.

आयईएलटीएस किती लागतं?

इंग्रजीच्या या परीक्षेत बहुतेक ठिकाणी ६.५ ते ७ गुण. निकाल दोन वर्षं चालतो. मराठी किंवा गुजराती माध्यमाच्या मुलांना लेखनाचा भाग जड जातो, बोलण्याचा नाही.

मुलगी एकटी जाणार. ठीक आहे ना?

काकू, हा प्रश्न मुलाच्या वेळी कोणी विचारत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिलं वर्ष काढू द्या, म्हणजे झालं. खरी काळजी पुढच्या क्षेत्रकार्याची करा, आणि तीसुद्धा विद्यापीठ करतं. धोक्यांचा लेखी आढावा दिल्याशिवाय ते विद्यार्थ्याला कुठेही पाठवत नाहीत.

खाण्यापिण्याचं?

डाळ-तांदूळ सगळीकडे मिळतो. शेव-उसळीचा मसाला घेऊन जा.

प्रबंधासाठी गुजरातेत परत येऊन काम करता येईल?

येईल, आणि भारतीय पासपोर्टमुळे तुम्हाला संशोधनाचा व्हिसा लागत नाही, ही तुमच्या वर्गमित्रांपेक्षा मोठी सोय. पण विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नका. संमती कशी घेणार, लिहिता-वाचता न येणाऱ्याची कशी घेणार, ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, नावं कशी बदलणार, हे सगळं लिहून द्यावं लागतं.

वेळापत्रकाची अडचण कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये क्षेत्रकार्याला मोकळा वेळ मिळतो तो जून-जुलैत. तेव्हा छोटाउदेपुरात पेरणी चालू असते. सौराष्ट्रात मजुरीला गेलेली कुटुंबं परतलेली असतात हे चांगलं, पण दिवसभर सगळे शेतात. मुलाखती संध्याकाळी, पावसात, वीज असली तर. होळीनंतरची कवांटची जत्रा बघायची असेल तर तेव्हा तुम्ही तिकडे वर्गात बसलेले असता. एका वर्षाच्या पदवीत विषय या गणिताला धरून निवडा. १० ते १५ हजार शब्दांच्या प्रबंधाला एक वसाहत, एक कचेरी किंवा एक बाजार पुरतो.

आणि स्वतःच्याच शहरावर लिहिलं तर कमी प्रतीचं ठरतं, असं अजिबात नाही. फक्त ओळखीच्या घरात चहा पिताना तुम्ही पुतणे असता की संशोधक, हे त्यांना दर वेळी नीट सांगावं लागतं.

शिकून झाल्यावर तिथे राहता येतं का? परत आलो तर काम मिळतं?

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती मुदत १८ महिने होणार आहे. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने, नेदरलँड्समध्ये एक वर्ष. पण तिथल्या विकास क्षेत्रात नोकऱ्या आधीच कमी, त्यात कंपनीने व्हिसाचा भार उचलायचा. त्या भरवशावर कर्ज काढू नका. लग्न झालेल्यांनी हेही लक्षात घ्यावं की शिकवण्या-परीक्षांच्या एम.ए.साठी ब्रिटनला जाणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून जोडीदाराला सोबत नेता येत नाही.

परत आल्यावर दिल्ली, मुंबई आणि बंगळूरला संशोधन संस्था, निधी देणारी प्रतिष्ठानं, मूल्यमापन करणाऱ्या कंपन्या आणि विद्यापीठं आहेत. बडोद्यात जागा थोड्या, पण कामाची माणसंही थोडीच, त्यामुळे गुजराती, मराठी आणि इंग्रजी तिन्हीत लिहू शकणारा माणूस रिकामा बसत नाही. वडिलांना मात्र पॅकेजचा आकडा फुगवून सांगू नका.

भारतातच केलं तर?

उत्तमच. पुण्याच्या विद्यापीठात मानवशास्त्राचा जुना विभाग आहे, आणंदची इर्मा १९७९ पासून ग्रामीण व्यवस्थापन शिकवते, टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र आहे, बंगळूरला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. परदेशी शिष्यवृत्ती हुकली तर मी यांपैकी एक घेईन आणि पीएच.डी.च्या वेळी पुन्हा बाहेर बघेन.

एजंट लावावा का?

या विषयासाठी नको. त्याचं कमिशन ठरावीक विद्यापीठांकडून येतं, तेव्हा तो तिथेच ढकलणार. फुकट आहे म्हणून गेलात तरी हेतुपत्र त्याला लिहू देऊ नका, आणि अर्जाचा ईमेल व पासवर्ड स्वतःकडेच ठेवा. ते त्याच्याकडे राहिले तर विद्यापीठाचं पत्र तुमच्याआधी तोच वाचतो. व्हिसाचा फॉर्म भरायला मदत हवी असेल तर नुकताच जाऊन आलेला एखादा विद्यार्थी गाठा. त्याच्याकडे चालू वर्षाची यादी असते.